संच फिरता ठेवा!

दहावीचे बाकी सगळे पेपर देऊन फक्त भूगोलाचा पेपर न देता पास झालेली एकच बॅच महाराष्ट्रात आहे, आणि ती म्हणजे आमची! ३ मार्च २०२० ला बोर्डाची परीक्षा सुरू झाली. शेवटचा पेपर २३ मार्चला, सोमवारी होता. २१ तारखेला तो पुढे ढकलल्याचं कळलं आणि १२ एप्रिलला रद्दच झाला. (आमच्या मागच्या बॅचने तर २०२१ साली एकही पेपर दिला नाही, पण तो मान त्यांचा त्यांना.) आज आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, तरी नकाशा दिसला की आमच्यातला कोणीतरी हमखास म्हणतो, "हे आपल्याला नव्हतं रे!"

आता तुम्ही म्हणाल, लॉकडाऊन संपून वर्षं झाली, आता हे कशाला उकरून काढतोस? त्याला कारण आहे आपल्याच होस्टेलमधलं.

मागच्या सेमिस्टरला रिझल्ट लागला आणि आमच्या विंगमधला एक मित्र वायडी झाला. मेसला येणं बंद, फोन बंद, दार बंद. आम्हाला वाटलं गावाला गेला असेल. आमचीही सबमिशन्स चालू होती, खरं सांगायचं तर कोणी फार चौकशी केली नाही. चौकशी केली ती मेसच्या मावशींनी. "तो डाव्या हातानं जेवणारा पोरगा बरेच दिवस झाले दिसंना, आजारी हाय का?" आम्ही दार वाजवलं. तो आत होता. एकोणीस दिवस! बिस्किटं आणि मॅगीवर. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं, दाढी वाढलेली, आणि आज वार कोणता हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्याला बघितलं आणि मला माझा एप्रिल २०२० आठवला. त्याने स्वतःवर लॉकडाऊन लावला होता, आमच्यावर सरकारने लावला होता, फरक एवढाच. त्या वेळी मी त्यातून कसा बाहेर आलो ते म्हणूनच लिहायचं ठरवलं.

घरातलं उपकेंद्र

आमचं घर सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. बाबा विजेच्या २२० केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक. रविवारी २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी ५ वाजता गल्लीत थाळ्या वाजल्या. २४ तारखेला रात्री पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला. सगळं गाव घरात बसलं. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून ड्यूटीवर गेले. सगळ्यांना घरात बसवायचं तर पंखा, टीव्ही आणि मोबाईल चालू पाहिजे, आणि दवाखान्यात व्हेंटिलेटर! त्यांच्या पाळ्या आठऐवजी बारा तासांच्या झाल्या, म्हणजे पाळी बदलताना माणसांची गाठभेट कमी.

बाबा बाहेर जाणार म्हटल्यावर घराचे नियम ठरले. ते पडवीत झोपणार, त्यांचं ताट-तांब्या वेगळं. आल्या आल्या कपडे साबणाच्या पाण्याच्या बादलीत, अंघोळ झाल्याशिवाय आत पाऊल नाही. आजी म्हणायची, "ही तर आमच्या वेळची सोवळ्याची तऱ्हा झाली." पण यामागे शास्त्र होतं. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. साबण तेलकट ताटाचं जे करतो तेच या आवरणाचं करतो. आवरण फुटलं की विषाणू निकामी. त्याला वेळ लागतो, म्हणून वीस सेकंद हात चोळायचे.

चौदा दिवसांचं विलगीकरण कुठून आलं? संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागत, पण काहींना चौदा दिवसांपर्यंतही. म्हणजे चौदा दिवस वाट पाहिली तर बहुतेक सगळे सापडतात. आज हे साधं वाटतं, पण त्या वेळी "का" हे समजलं की नियम जाच वाटत नसे. आईला मी हे समजावून सांगितलं, आणि मग तिने बाबांना पडवीतून आत यायला सांगणं सोडलं.

नऊ मिनिटं

५ एप्रिल २०२०, रविवार. रात्री ९ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायचं आवाहन होतं. गच्चीवर आम्ही पणत्या लावल्या. बाबा त्या रात्री ड्यूटीवर होते. आमच्यासाठी तो सोहळा होता, पण देशभरच्या वीज केंद्रांत लोक श्वास रोखून बसले होते.

इलेक्ट्रिकलवाल्यांना हे माहीतच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. वीज साठवून ठेवलेली नसते (निदान मोठ्या प्रमाणावर तरी नाही). जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार करावी लागते. हा तोल बरोबर असेल तर वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. भार अचानक उतरला की जनित्रं वेगाने फिरू लागतात. सायकल चढावर जोर लावून रेटताना मध्येच चेन निसटली तर पाय कसा गर्रकन फिरतो, तसंच. वेग फार वाढला तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतात, आणि एकामागून एक ट्रिप होत गेली तर सगळीकडे अंधार.

अंदाज होता की देशभरात मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. प्रत्यक्षात उतरली ३१ हजार मेगावॉटहून जास्त! तरी ग्रिड पडलं नाही. वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली. का? कारण तयारी दोन दिवस आधीच झाली होती. कोळशावरचे संच हळू चालतात, त्यांना पटकन कमी-जास्त करता येत नाही. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत चढतात-उतरतात. म्हणून पाण्यावरचे संच खास त्या नऊ मिनिटांसाठी राखून ठेवले. अंदाजे १७,५०० मेगावॉटची उतरंड एकट्या जलविद्युतने सांभाळली. बाबांच्या उपकेंद्रासारख्या ठिकाणीही काम होतंच. भार उतरला की व्होल्टेज चढतं, म्हणून कपॅसिटर बँक वगैरे आधीच काढून ठेवायच्या, आणि भार प्रेषण केंद्राच्या फोनवर कान लावून बसायचं.

दुसऱ्या दिवशी पडवीत बसून बाबांनी मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "नऊ मिनिटंच होती, तर मशिनं सरळ बंदच का नाही केली?" बाबा म्हणाले, "अरे, बंद केलं तर परत चालू कोण करणार? भार शून्याजवळ आणायचा, पण संच फिरता ठेवायचा. फिरता असला की परत भार घ्यायला वेळ लागत नाही."

तेव्हा मला ते नुसतं तांत्रिक वाटलं.

माझा भार उतरला

पहिले तीन आठवडे मजेत गेले. दूरदर्शनवर रामायण परत लागलं होतं, ताईने फेटून फेटून डालगोना कॉफी केली (आई म्हणाली, "एवढ्या साखरेत चार दिवसांचा चहा झाला असता"), पत्ते झाले, कॅरम झाला. मग भूगोलाचा पेपर रद्द झाल्याची बातमी आली आणि मी नाचलो.

खरी गडबड तिथून सुरू झाली. वर्षभर "दहावी, दहावी" म्हणून जो भार डोक्यावर होता तो एका दिवसात शून्य झाला. निकाल कधी माहीत नाही, कॉलेज कधी माहीत नाही. रात्री तीनपर्यंत मोबाईल, सकाळी अकराला उठणं, मग बारा, मग एक. अंघोळ कधी संध्याकाळी, कधी नाहीच. भूक नाही. मित्रांचे फोन घ्यायचा कंटाळा. आई काही बोलली की अंगावर ओरडायचो. आणि गंमत म्हणजे, काही काम नसताना मी सतत दमलेला असायचो.

याचंही कारण आहे. आपल्या शरीराचं आतलं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं, सरासरीने किंचित मोठं असतं. सकाळचा उजेड रोज त्याला मागे ओढून जागेवर आणतो. शाळेची घंटा, बस, जेवणाची सुट्टी या सगळ्या त्या घड्याळाच्या किल्ल्याच. किल्ली देणारं कोणी उरलं नाही आणि पडदा ओढून दुपारपर्यंत झोपलं, की घड्याळ रोज थोडं थोडं पुढे सरकतं. मग झोप, भूक आणि मूड, तिन्ही सुटतात.

बाबांनी भाषण दिलं नाही. त्यांनी घरात पडलेलं एक जुनं रजिस्टर काढून दिलं. उपकेंद्रात दर तासाला लॉगशीट भरतात: व्होल्टेज, करंट, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, वाइंडिंगचं तापमान. काही घडो न घडो, रीडिंग घ्यायचंच. बाबा म्हणाले, "तू पण लिही. काय वाटतं ते नको, अभ्यास किती केला ते पण नको. नुसतं रीडिंग." पाच रकाने आखून दिले:

उठलो किती वाजता. अंघोळ किती वाजता. दोन्ही जेवणं किती वाजता. उन्हात किती मिनिटं. घराबाहेरच्या कोणाशी बोललो का.

पहिला आठवडा मी टंगळमंगळ करत भरलं. पण रजिस्टर खोटं बोलत नाही. आठव्या दिवशी मागे बघितलं तर "कोणाशी बोललो" या रकान्यात सहा दिवस "नाही". ज्या दिवशी एक वाजता उठलो त्या दिवशी आईशी भांडण, हेही न लिहिता दिसत होतं. एकदम सगळं सुधारायच्या फंदात मी पडलो नाही. आधी फक्त उठायची वेळ धरली. साडेसातला उठून गच्चीवर झाडांना पाणी घालायचं. ती वेळ जमली की अंघोळ आपोआप मागे आली. मग रोज सहाला एका मित्राला फोन, विषय कोणताही. महिन्याभरात मी माणसात आलो. २९ जुलैला निकाल लागला तेव्हा मी सकाळी अंघोळ करून बसलो होतो, ही आईला टक्क्यांपेक्षा मोठी बातमी होती!

न्यूटनचं काय ते

त्या काळात मोबाईलवर एक मेसेज फिरायचा: न्यूटनने प्लेगच्या लॉकडाऊनमध्ये गुरुत्वाकर्षण शोधलं, तुम्ही काय करताय? वाचून आणखीच अपराधी वाटायचं. म्हणून त्याची खरी हकिगत सांगतो. १६६५ च्या उन्हाळ्यात प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं आणि न्यूटन वूल्सथॉर्पला आपल्या घरी गेला. मधला थोडा काळ सोडला तर १६६७ पर्यंत तो तिथेच होता. कॅल्क्युलस, प्रकाश, गुरुत्वाकर्षण या तिन्हीवर त्याने त्या काळात काम केलं, हे खरं. पण सुरुवात प्लेगच्या आधीच झाली होती. सावत्र वडिलांची एक मोठी, बरीचशी कोरी वही त्याच्याकडे होती, तिच्यात तो १६६४ पासून गणितं करत होता. आणि गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण सिद्धांत मांडणारा 'प्रिन्सिपिया' छापून आला १६८७ साली, म्हणजे वीस वर्षांनी!

थोडक्यात, न्यूटननेसुद्धा बंद काळात चमत्कार केला नाही, चालू काम थांबू दिलं नाही. शिवाय त्याला ताईबरोबर एक मोबाईल वाटून घ्यायचा नव्हता.

आम्हाला होता. अकरावीचे क्लास मोबाईलवर सुरू झाले तेव्हा घरात मोबाईल एक आणि लेक्चर दोन. दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपे. नेटवर्क फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी. तिथे उपयोगी पडलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. ताईने वेळापत्रक केलं: ज्याची प्रॅक्टिकल किंवा परीक्षा त्याला मोबाईल, दुसऱ्याने मित्राकडून नोट्सचे फोटो घ्यायचे. बसायची जागा ठरलेली. अंथरुणात लेक्चर ऐकायचं नाही, कारण अंथरुणाला झोप माहीत असते, अभ्यास नाही. आणि रोज एक पान हाताने लिहायचं. हे शेवटचं मी पाळलं नाही, त्याचं फळ बारावीला मिळालं. मार्च २०२२ मध्ये परीक्षा वर्गात बसून झाली. अभ्यासक्रम पाऊण होता, अर्धा तास जास्तही दिला होता, पण पहिल्याच पेपरला तासाभरात बोटं आखडली!

रजिस्टर परत निघालं

एप्रिल २०२१, दुसरी लाट. राज्यात परत निर्बंध लागले, आणि या वेळी बाबा पॉझिटिव्ह आले. ताप साधा होता, डॉक्टर म्हणाले घरीच राहा, लक्ष ठेवा. पडवीची खोली परत त्यांची झाली.

ऑक्सिमीटर हे यंत्र तोवर घरोघरी पोहोचलं होतं. त्यात दोन दिवे असतात, एक लाल, एक अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्या फरकावरून टक्केवारी काढली जाते. निरोगी माणसाची ९५ किंवा वर. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. या आजाराची वाईट खोड अशी की ऑक्सिजन उतरत असताना माणसाला धाप लागेलच असं नाही, तो गप्पा मारत असतो. म्हणून सहा मिनिटं चालायची चाचणी सांगितली होती. चालण्याआधी आणि नंतर मोजायचं. ९३ च्या खाली गेला किंवा ३ पेक्षा जास्त घसरला तर थांबायचं नाही.

मी रजिस्टर काढलं, नवे रकाने आखले. दर चार तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन. बाबा दारातून आकडा ओरडून सांगत, मी लिहीत असे. पाचव्या दिवसापर्यंत ९७, ९६, ९७. सहाव्या दिवशी सकाळी ९५, दुपारी ९४, चालल्यावर ९१. बाबा म्हणत होते, "मला काही होत नाहीये, उद्या बघू." त्या क्षणी मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं: "वाटतं ते नको, रीडिंग बघा." ते एकदम गप्प झाले आणि चप्पल घालायला उठले.

बेड मिळायला रात्रीचे अकरा वाजले. त्या सहा-सात तासांबद्दल लिहीत नाही, ज्यांच्या घरात ते घडलं त्यांना माहीत आहे. अकरा दिवसांनी बाबा घरी आले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आमच्या गल्लीतली दोन माणसं आली नाहीत. त्यांच्या घरच्यांची काही चूक होती असं मी म्हणत नाही, तेव्हा सगळं सगळ्यांच्या हातात नव्हतं. जे आमच्या हातात होतं ते म्हणजे एक जुनं रजिस्टर आणि पेन.

ब्लॅक स्टार्ट

आता परत होस्टेलवर येतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि सगळीकडे वीज परत यायला कित्येक तास लागले. पूर्ण बंद पडलेलं केंद्र स्वतःच्या जोरावर चालू होत नाही, कारण त्याचे पंप-पंखे चालवायलाच वीज लागते. मग जलविद्युतसारखा, कमी मदतीत सुरू होणारा छोटा संच आधी चालवतात आणि त्याच्या विजेवर मोठा. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात.

आमचा मित्र बंद पडला होता. "हिंमत ठेव", "एक वर्षाने काय होतं" हे सगळं आम्ही बोलून बघितलं, उपयोग शून्य. बंद संचाला "फिर" म्हणून तो फिरत नाही. मग आम्ही छोटी कामं वाटून घेतली. एकाने खिडकीवरचा पेपर काढला. एकजण रोज साडेसातला चहा घेऊन दारात. मेसला त्याच्याशिवाय जायचं नाही. मावशी त्याला रोज विचारायच्या, "आज किती पोळ्या?" आणि आकडा लक्षात ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी रेक्टर सरांना सांगितलं. भीती होती ओरडतील, पण त्यांनी त्याच्या घरी स्वतः फोन केला आणि समुपदेशकांकडे घेऊन गेले. आता तो राहिलेल्या विषयांचा अभ्यास करतोय. हा लेख त्याने आधी वाचला आणि "मॅगीचं लिही, पण नाव नको" म्हणाला.

तर मित्रहो, आणि सरांनाही विनंती, एवढंच:

पीएलमध्ये, आजारपणात, वायडी झाल्यावर, घरून इंटर्नशिप करताना, दिवसाचा भार कधीही अचानक उतरू शकतो. तेव्हा मोठे संकल्प नकोत. उठणं, अंघोळ, जेवण, ऊन, आणि एका माणसाशी बोलणं, एवढी पाच रीडिंग्ज घ्या. दोन-तीन दिवस सलग आकडे घसरले तर "उद्या बघू" म्हणू नका, कोणाला तरी सांगा. आपल्यात सांगायला जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि शेजारचं दार आठवडाभर उघडलं नसेल तर वाजवा. गावाला गेला असेल, असं आम्हीही म्हटलं होतं.

ते रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे. काल रात्रीचं रीडिंग: झोपलो पावणेदोनला. कारण हा लेख. संपादकांनी नोंद घ्यावी!